अंजनगावचा लोहमार्ग आणि तिसऱ्या वर्गाचे तिकीट

इतिहासाच्या पुस्तकांत अंजनगाव सुर्जीचे नाव बहुधा एका तहाच्या निमित्ताने येते. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, नोव्हेंबरात अडगावची झाली, डिसेंबरच्या मध्यास गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस दौलतराव शिंदे व इंग्रज यांचा तह येथे ठरला. गंगा-यमुनांमधील अंतर्वेदी, दिल्ली व आग्र्याचा मुलूख, भडोच आणि अहमदनगर ही ठाणी त्या तहाने शिंद्यांच्या हातून गेली. हिंदुस्थानच्या राजकारणात एवढी मोठी उलथापालथ ज्या गावी झाली, त्या गावच्या शेतकऱ्याला, विणकराला किंवा पानमळेवाल्याला मात्र तिची झळ प्रत्यक्ष किती लागली असेल, हे सांगणे कठीण आहे. राजे बदलले, सारा घेणारे बदलले. पण मूर्तिजापूरला जावयाचे म्हणजे बैल जुंपावयाचे, हा क्रम पुढे शंभर वर्षे जसाच्या तसा राहिला.

तो क्रम मोडला लोहमार्गाने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट या वाटेने अचलपुरापर्यंत, म्हणजे त्या काळच्या एलिचपुरापर्यंत, एक अरुंद रुळांचा मार्ग तयार झाला. पुढे लोकांनी त्याच्या गाडीला 'शकुंतला' असे लाडके नाव दिले. १८०३ च्या तहावर सह्या करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते; या गाडीचे तिकीट मात्र गावातील बहुतेक प्रत्येक घरात कधी ना कधी घेतले गेले. त्या तिकिटावर गावाचे नाव असे, भाडे असे आणि उतारूचा वर्गही छापलेला असे. तो वर्ग आला कोठून, त्याने कोणाची सोय पाहिली आणि त्याचे पुढे काय झाले, हा लहानसा दिसणारा प्रश्न वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचा एक भाग आहे.

आगगाडीतील वर्ग ही मूळची हिंदुस्थानची कल्पना नव्हे. इंग्लंडात आगगाडीपूर्वी घोड्यांच्या टपालगाड्या चालत. त्यांत आत बसणारा अधिक पैसे देई, आणि टपावर ऊनपाऊस सोशीत बसणारा कमी देई. लोहमार्ग निघाले तेव्हा कंपन्यांनी हाच भेद पुढे चालविला. पहिल्या वर्गाचा डबा तीन-चार घोडागाड्या एकास एक जोडल्यासारखा दिसे. तिसऱ्या वर्गाच्या वाट्यास पुष्कळदा छप्पर नसलेली वाघीण येई. अखेर १८४४ साली तेथील पार्लमेंटने कायदा केला. प्रत्येक मार्गावर दिवसातून निदान एक गाडी अशी हवी की, जी प्रत्येक स्थानकावर थांबेल, जिच्यात तिसऱ्या वर्गाच्या उतारूस छप्पर व बाके मिळतील आणि जिचे भाडे मैलास एक पेनीहून अधिक असणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. गरिबाच्या प्रवासाची किमान मर्यादा सरकारने आखून देण्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

जर्मनीची हकीकत यापुढची आहे. तेथील पहिली आगगाडी १८३५ च्या डिसेंबरात न्यूर्नबेर्ग ते फ्युर्थ अशी धावली. तेव्हाही तिकिटांचे वर्ग होतेच. पुढे प्रशियात तिसऱ्याच्याही खाली चौथा वर्ग निघाला. त्याच्या डब्यांत आरंभी बसावयास जागाच नसे. उतारूंनी उभ्यानेच प्रवास करावयाचा. परंतु भाडे इतके कमी की, बाजारास निघालेल्या बायका पाट्या-टोपल्यांसह त्यातच चढत, हंगामी मजूर गाठोडी घेऊन त्यातच शिरत. हळूहळू त्या डब्यांत भिंतीलगत बाकडी आली आणि मध्ये ओझी ठेवण्यास मोकळी जागा राखली गेली. बव्हेरियासारख्या दक्षिणेकडील राज्यांनी हा चौथा वर्ग पुष्कळ काळ स्वीकारला नव्हता. जर्मनीतील निरनिराळ्या राज्यांचे लोहमार्ग १९२० साली एका राष्ट्रीय व्यवस्थेखाली आले आणि १९२८ साली चौथा वर्ग बंद झाला. तिसरा वर्ग मात्र त्यानंतरही अठ्ठावीस वर्षे राहिला.

हिंदुस्थानात १८५३ च्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुटली, तेव्हा इंग्लंडचा वर्गभेद तिच्याबरोबरच येथे उतरला. लोहमार्ग काढणाऱ्यांचा त्या वेळचा अंदाज मोठा बोधप्रद आहे. हिंदी लोक गरीब, जातिनिर्बंधांनी बांधलेले आणि गाव न सोडणारे. तेव्हा उत्पन्न यावयाचे ते मालाच्या वाहतुकीतून, उतारूंचा भरवसा थोडाच, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांस वाटत होते. प्रत्यक्षात घडले ते उलट. माल तर मिळालाच. पण उतारूंची अशी रीघ लागली की, डबे पुरेनात. यात्रेकरू, लग्नाचे वऱ्हाडी, कोर्टकचेरीचे पक्षकार, मजूर, व्यापारी असे सर्व थरांतील लोक आगगाडीकडे वळले, आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक सर्वांत खालच्या वर्गाचे तिकीट घेत.

या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. पहिल्या वर्गाच्या डब्यात गाद्या, पंखे, स्नानाची सोय आणि प्रशस्त जागा असे. म्हणून डब्याच्या लांबीच्या मानाने उतारू मोजके बसत, आणि पुष्कळदा तेही बसत नसत. तिसऱ्या वर्गाचा डबा दाटून भरे. एकेका उतारूकडून मिळणारे पैसे थोडे, पण डब्यामागे गोळा होणारी रक्कम मोठी. उतारूंच्या वाहतुकीचे उत्पन्न प्रामुख्याने तिसऱ्या वर्गातून येई. एवढे असूनही मराठी बोलण्यात 'थर्डक्लास' हा शब्द हलक्या मालास, वाईट जेवणास आणि भिकार नाटकास लावण्याचा प्रघात पडला. ज्या वर्गाने लोहमार्ग पोसला, त्याच्या नावाची शिवी झाली, आणि कोणाला त्यात विसंगती दिसली नाही.

जी. आय. पी. कंपनीच्या मार्गावर हा खालचा वर्ग काही काळ आणखी खाली उतरला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात तेथे बाकडी नसलेला चौथा वर्ग सुरू झाला. म्हणजे प्रशियाचाच प्रकार येथे झाला. त्यावर तक्रारी होऊन पुढे त्या डब्यांस बाके बसविण्यात आली. मग त्या चौथ्याचे नाव 'तिसरा' झाले आणि पूर्वीच्या तिसऱ्याचे नाव 'इंटर', म्हणजे मधला वर्ग, असे झाले. नाव बदलून दर्जा वाढविल्यासारखे दाखवावयाचे, ही युक्ती लोहमार्गांच्या इतिहासात पुढेही वेळोवेळी दिसते.

वऱ्हाडात आगगाडी आली ती कापसासाठी. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांकडे कारभारास लावून दिला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध झाले. अमेरिकेचा कापूस मिळेनासा होताच लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या मार्गाने १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. १८७० साली खामगावची शाखा खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाली. खामगाव हा कापसाचा मोठा बाजार होता, एवढे सांगितले म्हणजे त्या सन्मानाचे कारण कळते. बडनेऱ्याहून अमरावतीची लहानशी शाखाही याच ओघात निघाली.

तथापि मुख्य मार्ग वऱ्हाडच्या मध्यातून गेला, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा सगळा पट्टा त्याच्या उत्तरेस दूर राहिला. इमादशाहीची जुनी राजधानी असलेले अचलपूर, त्याच्या शेजारची परतवाड्याची छावणी, कापसाची मोठी उलाढाल असलेले दर्यापूर आणि पानमळे व पानपिंपरी यांसाठी नावाजलेले अंजनगाव ही सर्व याच पट्ट्यातली. चांगल्या रस्त्यावर बैलगाडी दिवसाकाठी पंधरा-वीस मैल कापी. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला म्हणजे तेवढेही साधत नसे. कापसाच्या बोऱ्यांस दोन दिवस उशीर झाला तर फारसे बिघडत नाही. पण नागवेलीचे पान उन्हात दोन दिवस राहिले तर त्याची किंमत मातीमोल होते. आणि आजारी मनुष्याला दोन दिवस गाडीत हिंदकळत न्यावयाचे, ही गोष्ट तर त्याहूनही अवघड.

या पट्ट्यास मुख्य मार्गाशी जोडण्याचे काम सरकारने स्वतः न करता खाजगी भांडवलाकडे सोपविले. मुंबईत १८५७ पासून व्यापार करणाऱ्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या व्यवस्थेखाली १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनी निघाली. मूर्तिजापूर ते अचलपूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ या दोन शाखा व पुलगाव-आर्वी ही तिसरी, हे तिचे मुख्य वैभव. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, भराव व पूल हलके चालतात, वळणे तीव्र घेता येतात. म्हणून जेथे रुंद मार्गाचा खर्च परवडत नाही तेथे तो सोयीचा पडतो. बार्शी लाइट रेल्वेने १८९७ मध्ये याच मापाचे रूळ टाकून बार्शी मुख्य मार्गास जोडली होती आणि १९०६ पर्यंत ती गाडी पंढरपुरास जाऊन भिडली होती. वऱ्हाडातही तोच मार्ग अनुसरला गेला. कंपनीने रूळ टाकावेत, गाड्या जी. आय. पी. ने चालवाव्यात आणि उत्पन्नातील ठरलेला वाटा कंपनीस मिळावा, अशी ही योजना होती.

मूर्तिजापूर ते अचलपूर हे अंतर ७६ किलोमीटर, म्हणजे सुमारे ४७ मैल. मूर्तिजापूर सोडल्यावर लाखपुरी, मग दर्यापूर-बनोसा, पुढे अंजनगाव, पथ्रोट आणि शेवटी अचलपूर, अशी या मार्गावरील ठळक स्थानके होत. हंगामात रुईच्या गाठी मूर्तिजापुरास येत, तेथे रुंद मार्गाच्या वाघिणींत चढत, मुंबईस जात आणि तेथून बोटीने मँचेस्टरकडे रवाना होत. मार्ग आखताना कंपनीच्या डोळ्यांपुढे या गाठी होत्या. पण ज्या गाडीने गाठी गेल्या त्याच गाडीने माणसेही जाऊ लागली, आणि वऱ्हाडच्या उत्तर भागातील लोकांच्या दृष्टीने या मार्गाचे महत्त्व वाढले ते या माणसांमुळे.

अंजनगावच्या स्थानकावर तिकीट घेणाऱ्या उतारूपुढे कोणते पर्याय असत? तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचा, दोन-सव्वादोन इंच लांबीचा तुकडा. ही पद्धत इंग्लंडातील टॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तराने १८३० नंतरच्या दशकात काढली. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक छापलेला असे, तारखेचा ठसा एका लहानशा यंत्रात दाबून उमटवीत, आणि वर्गावर्गाचा रंग निराळा ठेवीत. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या उतारूसही आणि घाईत असलेल्या तिकीट तपासनिसासही वर्ग ओळखता येई. इंग्लंड, जर्मनी आणि हिंदुस्थान या तिन्ही देशांत तिकिटाचा हाच नमुना रूढ झाला.

भाडे मैलागणिक पैच्या हिशोबाने आकारीत. बारा पैंचा एक आणा, सोळा आण्यांचा रुपया. मैलास तीन पै हा तिसऱ्या वर्गाचा दर हिशोबासाठी धरला, तर ४७ मैलांचे १४१ पै, म्हणजे ११ आणे ९ पै होतात. पहिल्या वर्गाचे भाडे त्याच्या पाचपट धरले, तर ते ३ रुपये १० आणे ९ पै भरते. शेतमजुराला दिवसाची मजुरी काही आण्यांतच मिळत असे, तेव्हा त्याच्या दृष्टीने पहिला वर्ग असून नसल्यासारखा होता. अशा आखूड शाखांवर वरच्या वर्गाचे उतारू म्हणजे एखादा साहेब, एखादा मोठा मालगुजार किंवा वकील, एवढेच. बाकी सर्व गाव तिसऱ्या वर्गाचे.

पर्यायांची खरी गुंतागुंत मूर्तिजापुरास गाडी बदलताना सुरू होई. मुख्य मार्गावर पहिला, दुसरा, इंटर व तिसरा असे चार वर्ग होते. शिवाय गाड्यांचेही प्रकार होते. डाकगाडी वेगाने जाई. पण कित्येक डाकगाड्यांत तिसऱ्या वर्गाचे डबे नसत, किंवा असले तरी जवळच्या स्थानकाच्या उतारूस त्यांत बसू देत नसत. म्हणून ज्याच्याजवळ स्वस्त तिकीट, त्याने प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या संथ गाडीचीच वाट पाहावयाची. तिकिटाच्या वर्गाने केवळ बसण्याची जागा ठरत नसे, तर प्रवासास लागणारा वेळ, वाट पाहावयाची जागा आणि कित्येकदा पिण्याचे पाणीही त्यानेच ठरे. वरच्या वर्गाच्या उतारूस आरामखुर्च्यांची खोली मिळे. खालच्या वर्गास उघडी पडवी. तिकिटाची खिडकी गाडी येण्याच्या जरा आधी उघडे, आणि तीत हात घालण्यासाठी जी रेटारेटी होई तिच्यात वृद्ध व बायका मागे राहत.

स्त्रियांच्या बाबतीत कायद्याने थोडे लक्ष घातले होते. १८९० च्या रेल्वे कायद्याप्रमाणे १८९१ च्या आरंभापासून प्रत्येक उतारूगाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक खण स्त्रियांसाठी राखून ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. गाडी पन्नास मैलांहून अधिक अंतर जाणार असेल, तर त्या खणास शौचकूप जोडलेला असावा, असेही त्यात म्हटले होते. या पन्नास मैलांच्या अटीकडे वऱ्हाडच्या दृष्टीने पाहिले म्हणजे गंमत वाटते, आणि थोडे वाईटही वाटते. यवतमाळची शाखा ११३ किलोमीटरांची, म्हणजे सत्तर मैलांची; तिला ही अट लागू पडे. अचलपूरची शाखा ४७ मैलांची; ती तीन मैलांनी बाहेर राहिली. गाडी अंतर किती जाते हे कायद्याने पाहिले. ते अंतर कापण्यास तिला किती तास लागतात हे पाहिले नाही. अरुंद मार्गावरच्या गाडीला हे ४७ मैल जावयास सुमारे चार तास लागत.

तिसऱ्या वर्गाच्या हालांविषयी वृत्तपत्रांतून आणि सभांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ओरड चालू होती. परंतु तिला देशव्यापी वजन आले ते १९१७ साली. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर महात्मा गांधींनी सुमारे अडीच वर्षे देशभर तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि आपले अनुभव एका विस्तृत पत्राने वृत्तपत्रांकडे धाडले. त्यांचा युक्तिवाद हिशोबी होता. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक असेल. पण मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूस पहिल्याच्या एक-पंचमांश, निदान एक-दशांश तरी सोयी मिळतात काय, असा त्यांचा प्रश्न होता. वर्ग मोडून टाका असे त्यांनी म्हटले नाही. ज्याने जेवढे पैसे दिले तेवढ्याचा मोबदला त्याला द्या, एवढीच त्यांची मागणी होती. म्हणूनच तिला उत्तर देणे अधिकाऱ्यांस जड गेले.

त्यानंतर सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२१ साली आपला अहवाल दिला. लोहमार्ग सरकारने स्वतः चालवावेत, अशी बहुमताची शिफारस झाली, आणि १९२५ साली जी. आय. पी. चा कारभार सरकारकडे गेला. अंजनगावची गाडी हाकणारे हात अशा रीतीने सरकारी झाले. रूळ मात्र कंपनीचेच राहिले. ही विचित्र विभागणी स्वातंत्र्यानंतरही मोडली नाही. १९५१ साली मध्य रेल्वे अस्तित्वात आली, देशातील लोहमार्ग राष्ट्राच्या मालकीचे झाले. पण ही वऱ्हाडी शाखा खाजगी मालकीची राहिली, आणि गाडी चालविणारी सरकारी रेल्वे तिच्या वापराबद्दल कंपनीस मोबदला देत राहिली.

स्वतंत्र देशात वर्गांचे काय झाले? १९५५ साली जुना पहिला वर्ग बंद झाला. दुसऱ्यास पहिला व इंटरला दुसरा म्हणू लागले. तिसरा तिसराच राहिला. जर्मनीत पुढल्याच वर्षी, १९५६ च्या जूनमध्ये, युरोपातील इतर देशांबरोबर तिसरा वर्ग नाहीसा झाला, आणि तेव्हापासून तेथे पहिला व दुसरा असे दोनच वर्ग राहिले. हिंदुस्थानात 'तिसरा' हा शब्द तिकिटावरून जाण्यास १९७४ साल उजाडले. त्या दिवशी तिसऱ्या वर्गाचे उतारू दुसऱ्या वर्गात गेले, असे कागदोपत्री म्हणता येते. बसावयाचे लाकडी बाक मात्र तेच होते.

तो लाकडी बाक बदलण्याचे श्रेय एका महाराष्ट्रीय रेल्वेमंत्र्याकडे जाते. अहमदनगरचे मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनडब्यांतील उघड्या फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी घालण्याचे ठरविले. त्याच वर्षी डिसेंबरात हावडा ते मुंबई अशी वर्गभेद नसलेली 'गीतांजली' गाडी सुरू झाली, आणि तिचा मार्ग नागपूर, बडनेरा, अकोला असा वऱ्हाडातूनच गेला. दोन इंच फोम ही राज्यकर्त्यांच्या कर्तबगारीत गणावयाची गोष्ट आहे काय, असे कोणी म्हणेल. पण १८५३ पासून जे कोट्यवधी लोक लाकडावर अंग टाकून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, त्यांच्या वतीने गांधींनी १९१७ साली जो हिशोब मागितला होता, त्याची काही अंशी फेड या दोन इंचांत झाली.

इकडे अंजनगावच्या गाडीत वर्गाचा प्रश्न दुसऱ्याच वाटेने सुटला. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले आणि १९२३ पासून या मार्गावर धावणारे वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत गाडी ओढीत होते. ज्या शहराच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडचा कापूस गेला, त्याच शहरातून आलेले हे इंजिन गिरण्यांचे वैभव ओसरल्यावरही येथे राबत राहिले. त्यानंतर डीझेलचे इंजिन आले. कापूस मालमोटारींकडे गेला, सधन उतारू बसकडे व पुढे स्वतःच्या वाहनांकडे गेला. गाडीत उरले ते ज्यांना बसचे भाडे जड जाई ते लोक. डबे थोडे, वर्ग एकच, आरक्षण नाही. पुष्कळ स्थानकांवर तिकीट देण्यासही माणूस उरला नव्हता. सातेक कर्मचारी गाडीबरोबर असत आणि तिकिटे देण्यापासून इंजिन सोडण्या-जोडण्यापर्यंतची सर्व कामे तेच करीत. ज्या मार्गावर एके काळी वर्ग ओळखण्यासाठी तिकिटांना रंग द्यावे लागत, तेथे अखेरीस रंगाचे कामच उरले नाही; कारण तेथे फक्त गरीब उतारूच राहिले होते.

पुढे रूळ जुने झाले, गाडीचा वेग कमी ठेवावा लागला, आणि वेग कमी म्हणून उतारू घटले. २०११ ते २०२० या दशकात या शाखांवरील गाड्या एकामागून एक थांबल्या. मार्ग रुंद करून गाडी पुन्हा सुरू करावी, अशी मागणी दर्यापूर, अंजनगाव व अचलपूर भागातील लोकांनी वारंवार केली, आणि मार्ग रुंद करण्याच्या घोषणाही झाल्या. या मागणीत जुन्या गाडीविषयीचा जिव्हाळा आहे, तसा व्यवहारही आहे. बसच्या भाड्याहून पुष्कळ कमी पैशात दवाखान्यास, बाजारास व शाळा-महाविद्यालयास जाण्याचे साधन ज्यांच्या हातून गेले, त्यांच्या दृष्टीने ही गावाच्या नकाशावरील एक रेघ पुसली गेल्याची गोष्ट नव्हे. घरखर्चाच्या वहीत एक रक्कम वाढल्याची गोष्ट आहे.

जर्मनीत वर्गांचा प्रश्न याहून निराळ्या रीतीने पुन्हा पुढे आला. २०२२ सालच्या जून, जुलै व ऑगस्ट या तीन महिन्यांत तेथील सरकारने महिन्यास ९ युरो एवढ्या अल्प किमतीचे तिकीट काढले. त्यावर देशभर स्थानिक गाड्यांच्या दुसऱ्या वर्गाने हवे तितके फिरता येई. उतारूंची इतकी गर्दी लोटली की, १८५३ नंतर मुंबईस डबे पुरेनात त्याची आठवण व्हावी. पुढे २०२३ च्या मेपासून याच धर्तीचे मासिक तिकीट कायम स्वरूपात आरंभी ४९ युरोंस मिळू लागले, आणि २०२५ च्या आरंभी त्याची किंमत ५८ युरो झाली. अतिवेगाच्या दूरच्या गाड्यांत ते चालत नाही. संथ गाडीचे तिकीट स्वस्त व वेगवान गाडीचे महाग, हा जुना भेद तेथेही आहेच. पण लोकांनी प्रवास करावा अशी इच्छा असेल, तर सर्वांत खालच्या तिकिटाची किंमत आधी पाहावी लागते, ही गोष्ट त्या श्रीमंत देशासही पुन्हा शिकावी लागली.

लोहमार्गांचा इतिहास लिहिताना पूल, बोगदे, इंजिने आणि कंपन्यांचे भांडवल यांची मोजदाद होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु अंजनगावसारख्या गावास आगगाडीने काय दिले हे पाहावयाचे असेल, तर तिसऱ्या वर्गाच्या तिकिटाकडेच पाहावे लागते. कापसाच्या गाठींसाठी आलेल्या गाडीत त्या तिकिटाने माणसांना जागा मिळवून दिली. ती जागा अडचणीची होती, लाकडाची होती. तिच्यासाठी रेटारेटी करावी लागे. तरीही बारा आण्यांच्या आत मूर्तिजापुरास पोहोचता येते, आणि तेथून साऱ्या देशाच्या वाटा खुल्या होतात, ही जाणीव वऱ्हाडातील सामान्य मनुष्यास त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने दिली. या पट्ट्यात पुन्हा गाडी धावू लागेल, तेव्हा ती किती वेगाने जाते याची चौकशी पुष्कळ लोक करतील. तिच्या सर्वांत स्वस्त तिकिटाला किती पैसे पडतात आणि ते घेणाऱ्यास बसावयास कशी जागा मिळते, हा प्रश्न त्याबरोबरच विचारला गेला पाहिजे.